हिंगणघाटची कबर आणि पंधरा नंबरचं शिखर

चंद्रपूरहून नागपूरला जाताना हिंगणघाट किती वेळा मागे टाकलं असेल, याची मोजदाद नाही. वरोरा गेलं की डबा, पाण्याची बाटली, थोडी झोप, आणि डोळे उघडेपर्यंत सेवाग्राम. मधे कपाशी, तूर आणि काळी जमीन. ज्या शोधाने जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं, त्याचा पहिला माणूस याच काळ्या जमिनीत पुरलेला आहे, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

माझे वडील भूकरमापक होते. लोखंडी साखळी, झेंड्या, खुंट्या आणि एक पितळी ओळंबा एवढा त्यांचा संसार सरकारी कामावर निघायचा. धुऱ्याच्या भांडणात दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी असली, तरी साखळी ताणून झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत. एखादी कडी वाकलेली दिसली की पुन्हा पहिल्यापासून मोजणी. शाळेत असताना सुट्टीत त्यांच्यामागे झेंडी धरून मी उन्हात उभा राहिलो आहे, त्यामुळे मोजणी हे किती चिवट काम असतं ते मला ऐकून नव्हे, तळपायांना माहीत आहे. ते गेल्यावर त्यांच्या साखळीविषयी काही शोधत बसलो असताना विल्यम लॅम्बटन हे नाव समोर आलं, आणि त्याखाली ‘मृत्यू : हिंगणघाट, २० जानेवारी १८२३’.

म्हणून एका २० जानेवारीला हिंगणघाटला उतरलो. विचारत विचारत कबरीपाशी पोचलो. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना वाटेत हा माणूस गेला. सत्तरीला टेकलेला, दमेकऱ्यासारखा खोकणारा, आणि वीस वर्षं एकच काम धरून बसलेला. त्याने दक्षिण टोकापासून सुरू केलेली त्रिकोणांची साखळी तेव्हा वऱ्हाडात येऊन पोचली होती. पुढचा हिमालय त्याने पाहिला नाही. मी फुलं नेली होती, ती ठेवली, आणि तिथेच ठरवलं की ही रेघ जिथे सुरू झाली तिथून जिथे संपली तिथवर आपण जायचं.

सुरुवात मद्रासची, म्हणजे आताच्या चेन्नईची. विमानतळाला लागूनच एक टेकडी आहे. इंग्रजीत तिला सेंट थॉमस माउंट म्हणतात, तमिळमध्ये परंगीमलै. परंगी म्हणजे आपला फिरंगी. वर पोर्तुगीजांनी बांधलेलं जुनं चर्च आहे आणि तिथे भाविकांची सतत ये-जा असते. लॅम्बटनचा अर्धपुतळाही आहे. त्याच्यासमोर फार कुणी थांबत नव्हतं, मी मात्र बराच वेळ उभा होतो.

लॅम्बटन इथवर कसा पोचला, ते सांगायला हवं. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत तो इंग्रज सैन्यात होता. श्रीरंगपट्टणच्या त्या मोहिमेतली एक हकीकत सांगितली जाते. रात्रीच्या अंधारात एक तुकडी चालली होती, आणि लॅम्बटनला आकाशातल्या ताऱ्यांवरून कळलं की आपण उत्तरेला नव्हे तर दक्षिणेला, थेट शत्रूच्या गोटाकडे निघालो आहोत. त्याने सेनापतीला सांगितलं, आणि तुकडी वाचली. लढाई संपल्यावर त्याने प्रस्ताव मांडला तो मात्र सैन्याच्या नित्याच्या नकाशांपेक्षा कितीतरी मोठा होता. समुद्रापासून समुद्रापर्यंत द्वीपकल्प मोजायचं, आणि त्याच मोजणीतून पृथ्वीचा नेमका आकार काढायचा. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे ठाऊक होतं. किती चपटी, हे ठरवायला विषुववृत्ताच्या जवळची नेमकी मोजणी हवी होती.

१० एप्रिल १८०२ रोजी या टेकडीच्या पायथ्याच्या सपाट भागात काम सुरू झालं. पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत साधारण साडेसात मैलांची आधाररेषा. हाताशी शंभर फुटांची पोलादी साखळी, चाळीस कड्यांची, एकेक कडी अडीच फूट लांब. ही साखळी मुळात चीनच्या सम्राटाला भेट म्हणून इंग्लंडहून निघाली होती. तिथे ती नको झाली, आणि फिरत फिरत भारतात येऊन लॅम्बटनच्या हाती पडली. वडिलांची साखळी जमिनीवर लोळायची. ही लोळत नसे. तिवयांवर लाकडी पेट्या मांडायच्या, त्या एका पातळीत आणायच्या, त्यात साखळी निजवायची, ठरलेल्या वजनाने ताणायची, आणि शेजारी तापमापक ठेवायचे. तापमापक कशाला, याचा हिशेब मी टेकडीवरच्या कट्ट्यावर बसून केला. पारा दहा अंश सेल्सियसने चढला तर शंभर फुटी पोलाद सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतं. अशी साखळी चारशे वेळा मांडायची, म्हणजे दुर्लक्ष केलं तर टोकाला जवळपास दीड मीटरची चूक. एप्रिल-मेमधल्या मद्रासच्या उन्हात त्यांनी या कामाला ५७ दिवस घेतले. साडेसात मैल! आज टेकडीवरून पाहिलं तर त्या रेषेवर इमारती, रस्ते आणि पाणथळ जागा पसरल्या आहेत. दक्षिणेकडे बोट करून मी मनातल्या मनात ती ओढली.

एवढा अट्टहास या एका रेषेसाठी का, ते मोजणीचं काम केलेल्याला लगेच कळतं. त्रिकोणाची एक बाजू मोजली आणि तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घेतले की उरलेल्या दोन बाजू कागदावर निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. म्हणजे डोंगर, नद्या, जंगलं ओलांडायला साखळी लागतच नाही, फक्त एका माथ्यावरून दुसरा माथा दिसला पाहिजे. पण पहिल्या रेषेत वीतभर चूक राहिली, तर ती शेकडो कोस पुढे चालत जाते. अधूनमधून नवी आधाररेषा मोजून ताळा घ्यायचा, तसा त्याने १८०४ मध्ये बंगळूरला आणि १८१५ मध्ये बिदरला घेतला. मद्रासहून मंगळूरकडे त्रिकोण नेताना पहिलाच धक्का बसला. द्वीपकल्पाची रुंदी नकाशांत ४०० मैल धरली होती, ती ३६० निघाली. कुणाचं राज्य गेलं नाही की लढाई झाली नाही, आणि ४० मैल जमीन नकाशावरून नाहीशी झाली.

तंजावरला मी मुद्दाम गेलो, आणि या सगळ्या फेरीत जीव तिथेच सर्वांत जास्त अडकला. कावेरीचं खोरं म्हणजे ताटासारखं सपाट. भातशेती आणि नारळी-ताडांच्या रांगा. टेकडी नाही म्हटल्यावर पुढचं ठिकाण दिसायचं कुठून? लॅम्बटनने देवळांची गोपुरं आणि शिखरं वापरली. कोन मोजायचं त्याचं मोठं यंत्र, थिओडोलाईट, लंडनमध्ये घडवलेलं होतं, वजन अर्धा टन. येताना वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडून ते मॉरिशसला नेलं, आणि हे विज्ञानाचं उपकरण आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. एवढ्या संकटांतून आलेलं यंत्र १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवत असताना एक दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं अंशांच्या खुणा असलेलं मोठं वर्तुळ वाकलं.

बृहदीश्वराच्या प्रांगणात उभं राहून मी त्या शिखराकडे पाहत होतो. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, दोनशे फुटांहून उंच. त्याच आवारातल्या भिंतीवर मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, लांबच लांब शिलालेख, १८०३ सालचा. म्हणजे दोर तुटला तेव्हा तो कोरून जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि गादीवर सरफोजीराजे होते, ग्रंथांचे आणि शास्त्रांचे शौकीन. मराठी अक्षरांवर नजर फिरवताना आपण परमुलखात आहोत हे विसरायला होतं. त्या दिवशी खाली जमलेल्या लोकांत मराठी बोलणारं कुणीतरी असणारच, असं मला सारखं वाटत राहिलं.

लॅम्बटनने काय केलं? नवं यंत्र इंग्लंडहून मागवायचं तर कैक महिने गेले असते. त्याने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं. मोजके कारागीर आत, बाकी कुणाला प्रवेश नाही. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ते वर्तुळ केसाकेसाने ओढत त्याने मूळ आकारात आणलं. सहा आठवडे लागले. त्यानंतर त्याच यंत्राने वर्षानुवर्षं कोन घेतले. वडील वाकलेली कडी मांडीवर घेऊन हातोडीने ठोकत, ते मला तिथे आठवलं, आणि डोळे भरून आले.

कन्याकुमारीपासून ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे चढत गेलेल्या या त्रिकोणांना पुढे ‘ग्रेट आर्क’ हे नाव पडलं. लॅम्बटनच्या हाताखाली १८१८ मध्ये आलेला जॉर्ज एव्हरेस्ट हे काम पुढे चालवणार होता. जंगलातल्या तापाने त्याचीही प्रकृती मोडली, आणि यंत्राचा स्क्रू फिरवायला हात उचलवत नाही, अशा अवस्थेतही त्याने वेध घेतले. नावं या दोघांची राहिली. टेकड्यांवर झाडी तोडणारे, रात्र रात्र दिवे तेवत ठेवणारे, दिवसा आरशाने उन्हाचा कवडसा पाठवणारे खलाशी, म्हणजे सर्वेक्षणातले मजूर, तापाने आणि वाघांनी किती मेले, त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. वडिलांचे साखळी ओढणारे दोन सोबती मला आजही नावानिशी आठवतात. या खलाशांची मला फार चुटपुट लागून राहिली.

मसुरी. गावाच्या गर्दीपासून पश्चिमेला हाथीपाव नावाचा भाग आहे. तिथल्या एका कड्यावर एव्हरेस्टचं पांढरं घर उभं आहे. त्याने ते १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं आणि तिथूनच सर्वेक्षणाचा गाडा हाकला. आता तिथे संग्रहालय आहे. मी सकाळी लवकर चालत वर गेलो. एका अंगाला दून खोरं, दुसऱ्या अंगाला थरावर थर डोंगर, आणि त्यांच्यामागे बर्फ. शेजारीच बनोगचा डोंगर, ग्रेट आर्कचं उत्तरेकडचं टोक. कन्याकुमारीपासून साधारण २,४०० किलोमीटर. खाली डेहराडूनजवळ १८३४-३५ मध्ये उत्तर टोकाची आधाररेषा मोजली, आणि दक्षिणेकडून गणिताने आलेल्या लांबीशी ती इंचांच्या फरकाने जुळली. माझ्या अंगावर काटा आला तो या जागी. बर्फाकडे पाहून आला नाही.

कारण ज्या शिखराला या माणसाचं नाव दिलं ते इथून दिसतच नाही. ते सुमारे नऊशे किलोमीटर पूर्वेला आहे. एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेला. १८४९-५० मध्ये, अँड्र्यू वॉ सर्वेक्षणाचा प्रमुख असताना, बिहारच्या तराईतल्या सहा ठिकाणांहून एका शिखराचे वेध घेतले गेले. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता, म्हणून हे सारं पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहूनही लांबून. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईनेच डोंगराचा अडीच किलोमीटर भाग क्षितिजाखाली जातो. त्यात हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा काहीशे मीटर वर दिसतं. सकाळचा वेध वेगळा, दुपारचा वेगळा. वह्यांत नुसता कोनांचा ढीग, आणि शिखराला नावही नाही, फक्त रोमन आकड्यांत क्रमांक : पंधरा.

हा ढीग उपसणारे मुख्य गणिती म्हणजे राधानाथ सिकदार. १८१३ मध्ये कलकत्त्यात जन्म, हिंदू कॉलेजात शिक्षण, आणि १८३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ म्हणून नोकरी. तेव्हा हा शब्द माणसांसाठी होता. एव्हरेस्टने त्यांना हाताखाली घडवलं. पुढे डेहराडूनला असताना, १८४३ मध्ये, खात्याच्या मजुरांना एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने वेठीला धरलं, तर सिकदारांनी त्याच्याशी उभा दावा मांडला, आणि २०० रुपये दंड भरला. मला हा दंड त्यांच्या गणिताइतकाच मोलाचा वाटतो.

१८५२ मध्ये सिकदार धावत वॉच्या खोलीत शिरले आणि ‘साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं’ असं म्हणाले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला ती पटत नाही. सिकदार १८४९ पासून कलकत्त्याच्या कचेरीत होते आणि वॉ डेहराडूनला. धावत जाण्याजोगं ते अंतर नव्हतं. शिवाय खरं काम त्या नाट्यापेक्षा किती मोठं आहे! सहा ठिकाणांच्या उंच्या वेगवेगळ्या येणार, प्रत्येकीत वक्रतेची आणि प्रकाशाच्या वाकण्याची दुरुस्ती करायची, पुन्हा तपासायची, दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. वॉने त्यानंतर चार वर्षं थांबून, १८५६ मध्ये, आकडा जाहीर केला : २९,००२ फूट. म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने उपग्रहांच्या मदतीने काढलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. डोंगराच्या जवळही न जाता, कागद, टाक आणि कोष्टकांवर काढलेली उंची जेमतेम नऊ मीटरच्या फरकाने उतरली.

नाव मात्र एव्हरेस्टचं लागलं, आणि गंमत म्हणजे त्याचा स्वतःचाच त्याला आक्षेप होता. इथल्या लोकांना ते म्हणता-लिहिता यायचं नाही, असं त्याचं म्हणणं. तिबेटी लोकांचं चोमोलुंग्मा हे नाव होतंच, पण १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने एव्हरेस्ट हेच कायम केलं. सिकदारांचं काय झालं? खात्याच्या मोजणीच्या मार्गदर्शक ग्रंथात, १८५१ च्या पहिल्या आवृत्तीत, त्यांच्या वाट्याच्या कामाचं श्रेय प्रस्तावनेत दिलेलं होतं. १८७० मध्ये ते वारले. १८७५ च्या आवृत्तीत तो उल्लेख गाळला. तेव्हाच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने त्याला मेलेल्या माणसाची लूट म्हटलं होतं, आणि मला त्याहून सौम्य शब्द सुचत नाही. भारताने २००४ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं.

परतीचा प्रवास दिल्लीहून रेल्वेने. आग्रा ७८ अंशांवरच आहे, ग्वाल्हेर, झाशी त्याच्या आसपास. आपली गाडी ग्रेट आर्कच्या सोबतीने दक्षिणेला उतरते हे मला याआधी कधी जाणवलंच नव्हतं. एव्हरेस्टने या मैदानात उंचवटे नाहीत म्हणून मनोरे बांधले होते. खिडकीतून एखादा दिसेल या आशेने मी अंधार पडेपर्यंत पाहत राहिलो.

रात्री गंज बासोदा मागे पडलं. इथून पश्चिमेला सिरोंज, आणि त्याच्याजवळ कल्याणपूर. तिथे जायचं या खेपेला राहून गेलं, पण त्या जागेची हकीकत सांगायलाच हवी, कारण माझ्या मते ग्रेट आर्कने दिलेला सर्वांत खोल शोध तिथला आहे. कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरकडचं कलियाना, ही आर्कवरची दोन ठाणी, एकमेकांपासून सुमारे ६०० किलोमीटर. त्यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला : एकदा त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत ५.२४ सेकंदांची तफावत आली. हे कोनाचे सेकंद, जमिनीवर साधारण १६० मीटर. एव्हरेस्टच्या लेखी ती मोजणीतली चूक होती. कलकत्त्याचे एक धर्मगुरू, जॉन प्रॅट, केंब्रिजचे गणिती, त्यांनी वेगळा विचार केला. ताऱ्यांचा वेध घेताना डोक्यावरचा बिंदू ओळंब्यावरून ठरतो, आणि हिमालयासारखा अवाढव्य डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढणार. त्यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब मांडला. उत्तर आलं जवळजवळ १५.९ सेकंद. म्हणजे ओळंबा ढळला होता खरा, पण ढळायला हवा होता त्याच्या तिसऱ्या हिश्शानेच.

डोंगर तर समोर आहे, मग त्याची ओढ कुठे गेली? १८५५ मध्ये इंग्लंडचे जॉर्ज एअरी म्हणाले की पर्वतांना खाली हलक्या खडकाची मुळं असतात. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखा पर्वत जड थरात खोल बुडालेला असतो. प्रॅट यांनी नंतर दुसरं उत्तर दिलं, की उंच भागाखालचा खडकच कमी घनतेचा असतो. भूशास्त्राला दोन्ही विचार पुढे लागले, आणि पर्वत तरंगतात ही कल्पना त्यातून उभी राहिली. वडिलांच्या पिशवीतला ओळंबा मी लहानपणी लंबक म्हणून फिरवून खेळत असे. तो नेमका कुठे बोट दाखवतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

नागपूरनंतर झोप लागली नाही. सेवाग्राम गेलं तसा मी उठून दारापाशी जाऊन उभा राहिलो. आमची गाडी हिंगणघाटला थांबणारी नव्हती. पहाट व्हायला वेळ होता. फलाटावरचे दिवे एकेक करून अंगावरून गेले, एक बाक, एक घड्याळ, पिवळ्या पाटीवरचं नाव. कबर कुठल्या अंगाला राहिली ते त्या अंधारात कळेना, म्हणून मी दोन्हीकडे पाहून घेतलं. मग दिवे संपले, आणि कपाशी सुरू झाली.